पहिल्या ओळीतला पेला

मधू, तू गेल्याची बातमी आपल्या निवृत्त लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली आणि जेवायच्या वेळेपर्यंत सगळे हात जोडलेली चित्रं टाकून मोकळे झाले. एकाने लिहिलं, 'मनमिळाऊ सहकारी हरपला.' वाचून माझं डोकंच फिरलं. तू आणि मनमिळाऊ? अरे, वाळूजच्या त्या कारखान्यात तुझ्याइतका भांडकुदळ माणूस दुसरा नव्हता. फक्त तू शांतपणे भांडायचास. आवाज चढवायचा नाही, हातातलं पेन टेबलावर सरळ ठेवायचं आणि म्हणायचं, "पाटील, पुन्हा सांग. मला कळलं नाय." कळलेलं असायचं सगळं. मला पुन्हा बोलायला लावून माझंच म्हणणं माझ्या गळ्यात बांधायचास.

मला पाटील म्हणणारा तू एकटाच. आमच्या घरात पाटीलकी कधी नव्हती. देवगाव रंगारीला थोडी बागायत होती, तेवढंच. पण तू ऐकतोस कसला. "जमीन हाये, हीर हाये, आन् हिरीवर कोणी यायचं ते बी तुमीच ठरवता. मंग पाटील नाय तर काय?" असं हसत म्हणायचास. मीही हसायचो. परवापासून ते सारखं कानात वाजतंय आणि हसू येत नाही.

काय लिहू तुला? चांगलं लिहायचं म्हणून बसलो आणि मनात नुसता राग आहे. तुझ्यावर, स्वतःवर, त्या ग्रुपवरच्या हात जोडलेल्या चित्रांवर. आपलं भांडण अर्ध्यात राहिलं. तुला सगळं ठाऊक असलं तरी पहिल्यापासून लिहितो, म्हणजे तुझ्या लेकीला, प्रज्ञाला, कधी वाचावंसं वाटलं तर तिला ते कळेल.

प्रेस शॉपमध्ये दर मंगळवारी पहिली पाळी सुटली की आपली बैठक असायची. क्वालिटी सर्कल म्हणायचे तिला. ते खूळ तेव्हा सगळ्या कारखान्यांत शिरलं होतं. कामगार, सुपरवायझर आणि साहेब एका टेबलाभोवती बसणार, काय चुकतंय ते मोकळेपणाने बोलणार आणि माल सुधारणार. प्रत्यक्षात साहेब बोलायचे, आपण माना डोलवायचो, बिस्किटं खायचो आणि कंपनीची बस पकडायचो. पुढच्या मंगळवारी मागचं कोणाला आठवत नसे. मी सुपरवायझर होतो आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. तुला मात्र ते सहन होईना.

तू प्लॅनिंगमध्ये क्लार्क होतास. संध्याकाळी औरंगपुऱ्यातल्या क्लासला जाऊन संगणक शिकला होतास. कारखान्यात तेव्हा एकच संगणक, तोही काचेच्या खोलीत, एसीमध्ये. चपला बाहेर काढून आत जावं लागायचं. आपले फिटर लतीफभाई म्हणायचे, "ये मशीन हय की दरगा?" त्या खोलीत अनवाणी बसून तू आपल्या बैठकीसाठी एक प्रोग्रॅम लिहिलास. दाराबाहेर ग्रीसचा रिकामा डबा ठेवलास. ज्याला जे खुपतं ते त्याने चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं. तू ते संगणकात घालायचास आणि मंगळवारी करकरत एक लांब कागद बाहेर यायचा. त्यावर काय जमलं, काय फसलं आणि पुढं काय करायचं, असे तीन भाग असत. मराठी वाक्यं इंग्रजी अक्षरांत छापली जायची, ती निम्म्या लोकांना वाचता येत नसत, म्हणून मी मोठ्याने वाचायचो.

त्या प्रोग्रॅमच्या दोन खोडी होत्या आणि दोन्ही तू मुद्दाम ठेवल्या होत्यास. पहिली म्हणजे कोणाचंच नाव नाही. साहेबांचं वाक्य आणि झाडूवाल्याचं वाक्य एकाच अक्षरांत, एकाखाली एक. दुसरी म्हणजे जे फसलं ते नीट होईपर्यंत दर मंगळवारी पानाच्या पहिल्या ओळीत येणार. मी वाचून विचारायचं, "झालं का?" आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी हात वर केले तरच ती ओळ जाणार. एकाचाही हात खाली राहिला तर ती पुढच्या पानावर हजर. खोडून टाकायची सोयच तू ठेवली नव्हतीस.

आणि चाललं रे ते. लई भारी चाललं. पंचिंगच्या मशीनचा गार्ड ढिला आहे ही ओळ साहेबांच्या डोळ्यांपुढे दर मंगळवारी नाचायला लागली तेव्हा गार्ड बदलला गेला. हातमोजे आले. कोपऱ्यातली ट्यूब लागली. माल परत येणं कमी झालं, तसे साहेब पाहुण्यांना आपली बैठक दाखवायला लागले. तू एका कोपऱ्यात उभा राहून पेनचं टोपण लावत-काढत असायचास. त्या दिवसांत मला तुझ्याबद्दल जो अभिमान वाटायचा तो मी कधी बोललो नाही. आपल्यात तसं बोलायची पद्धतच नव्हती.

भांडण व्हायचं ते नावावरून. गेटबाहेरच्या टपरीवर चहा घेताना मी म्हणायचो, "बिननावी चिठ्ठी म्हणजे भित्र्याचं काम. बोलायचं तर छाती पुढे काढून बोलावं." बाहेर तेव्हा सगळीकडे विद्यापीठाच्या नामांतराचीच चर्चा. भिंती त्याच घोषणांनी भरलेल्या, बसमध्ये कोण कोणाशेजारी बसतं त्यावरून लोक एकमेकांना जोखायचे. तू मोर्च्यांना जायचास, रजा टाकून जायचास. आमच्या घरात त्याला विरोध होता आणि मी मधल्यामध्ये, 'नाव बदलून काय होतं' म्हणणारा. तू म्हणायचास, "काय व्हत नसंल तर बदलू द्या की." मग मी तुझा प्रोग्रॅम पुढे करायचो. म्हणायचो, "विद्यापीठाला नाव पाहिजे म्हणून घसा बसेपर्यंत ओरडतोस, आणि तुझ्या कागदावर एकाचंही नाव नको?"

तू चहाचा ग्लास खाली ठेवलास. "तिथं नाव लागलं पाहिजे, कारण ते आमचं हाये. इथं माझं नाव लागलं की आधी आडनाव वाचतात, पाटील, आन् मंग वाक्य वाचायचं राहूनच जातं."

मी म्हणालो होतो की हे सगळं तुझ्या डोक्यात आहे, इथे कारखान्यात असलं काही नाही. त्यानंतर काही आठवड्यांतच ती चिठ्ठी आली.

प्रेस शॉपच्या भिंतीशी पाण्याचा रांजण होता. त्याच्या झाकणावर स्टीलचा पेला असायचा आणि मागे भिंतीत एक खिळा, त्याला जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, पोचे पडलेला पेला टांगलेला. कोणी हुकूम काढला नव्हता. पण कोणता पेला कोणाचा हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी कळायचं. तू त्या रांजणाचं पाणी कधी पीतच नव्हतास, घरून बाटली आणायचास. मी ते रोज बघत होतो आणि मला वाटायचं तुला गार पाणी बाधतं.

त्या मंगळवारी मी कागद वाचत होतो. डायचं माप, ऑइलची गळती, आणि त्याखाली, 'खिळ्यावरचा पेला काढावा.' वाचून झाल्यावर मला समजलं मी काय वाचलं. लतीफभाई खोकले. वेल्डिंगचा दिगंबर छताकडे बघायला लागला. मग हळूहळू सगळ्यांच्या माना तुझ्याकडे वळल्या.

"कोणी लिहिलंय हे?" साहेब म्हणाले. "मोकळेपणाने बोला, घरचेच आहोत सगळे."

"त्यावर नाव नाही, साहेब," तू म्हणालास.

मी उत्साहात उभा राहिलो. ज्याने लिहिलंय त्याने पुढे यावं, मी त्याच्या बाजूने उभा राहीन, असं काहीतरी बोललो. कोणी पुढे आलं नाही. टपरीवर तू माझ्याशी बोलेनास, आणि बोललास तेव्हा पहिल्यांदा तुझा आवाज चढला. "तू उभा राहशील रे. सांजच्याला देवगावला जाशील, भाकरी खाशील, झोपशील. त्याला उद्या सकाळी त्याच रांजणाशी जायचंय."

साहेब हुशार होते. पुढच्या मंगळवारच्या आत रांजण गेला, खिळा उपटला आणि पाण्याचा कूलर आला. त्यावर साखळीला बांधलेले सगळे पेले एकसारखे. मी पहिली ओळ वाचली आणि विचारलं, "झालं का?" सगळ्यांचे हात वर गेले, माझाही गेला. मला खरंच वाटलं होतं की झालं. तुझा हात मांडीवर होता.

"अरे, कूलर आणला ना? आता काय राहिलं?" साहेब म्हणाले.

"पेला गेला. बाकी हाये तसं हाये." तू दिगंबरच्या मशीनकडे बघितलंस. तिथे त्याने घरून आणलेली पितळी लोटी ठेवली होती, फडक्यात गुंडाळून. कूलर आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती तिथे होती. तशा आणखीही होत्या, मी नंतर फिरून बघितलं.

मग दर मंगळवारी तेच. पहिली ओळ पेल्याची, सगळ्यांचे हात वर आणि तुझा एकट्याचा खाली. चिठ्ठीवर नाव नसावं म्हणून तू एवढी खटपट केलीस, पण खाली राहिलेला हात कोणाचा ते आंधळ्यालाही दिसतं, हे तुझ्या कसं लक्षात आलं नाही? की आलं होतं? तुझा हात खाली असला की ती चिठ्ठी तुझीच, असं सगळे धरून चालले. पण चिठ्ठ्या तू एकटा वाचायचास. अक्षर कोणाचं ते तुला एकट्याला ठाऊक होतं. दुसऱ्या कोणाकडे कोणी बघितलंच नाही.

हळूहळू सगळ्यांचं तुझ्याशी बोलणं कमी झालं. डब्यात चिठ्ठ्या येईनात. लतीफभाई तुला म्हणाले, "मियाँ, छोड दो ना अब. हात उप्पर करने कू क्या लगता?" तू म्हणालास, "हात उप्पर किया तो कागज झूटा होता, चाचा." साहेबांनी तुला बोलावून सांगितलं की प्रोग्रॅममध्ये ओळ काढायची सोय कर. तू म्हणालास, येत नाही. तुला येत होतं.

त्या संक्रांतीला विद्यापीठाच्या नावाचा निर्णय जाहीर झाला. शहरात बंदोबस्त लागला, बस बंद राहिल्या. पुन्हा कामावर आलो तेव्हा तू पेढे आणले होतेस. काहींनी घेतले, काहींनी 'उपास आहे' म्हटलं. एवढे उपास एकाच दिवशी कसे आले ते मी विचारत बसलो नाही. जुनं नाव ठेवून त्याला नवं जोडलं होतं. मी तुझं अभिनंदन केलं तर तू पेढा माझ्या हातावर ठेवून म्हणालास, "हे बी कूलरच हाये, पाटील. पण घे, गोड हाये." त्या दिवशी मला तुझ्या चेहऱ्याकडे बघवेना. नामांतराचा पहिला ठराव झाला तेव्हा गावाकडे जी घरं जाळली गेली त्यात तुमचंही होतं, हे तू मला तेव्हा सांगितलंस, पेढ्याचं खोकं बंद करता करता.

त्या मंगळवारची बैठक झाली नाही. वातावरण निवळू दे, मग बघू, असं साहेब म्हणाले. मग नवे संगणक आले, प्रत्येक टेबलावर आले, चपला घालून वापरायचे. तुझा प्रोग्रॅम त्यांच्यावर चालेना आणि तो चालवायचं कोणाच्या मनातही नव्हतं. पेल्याची ओळ कोणी खोडली नाही. तिच्यासकट सगळंच बंद पडलं. तू नोकरी पूर्ण केलीस, वेळेवर आलास, वेळेवर गेलास, आणि बैठकीबद्दल पुन्हा एक अक्षर बोलला नाहीस. मला ते वर्षानुवर्षं बघावं लागलं. मला वाटतं तुझ्यातलं काहीतरी तेव्हाच गेलं होतं, परवा फक्त उरलेला गेलास.

पण मध्ये एकदा, पुंडलिकनगरच्या तुझ्या घरी, तू पुन्हा पेटला होतास. प्रज्ञा पुण्याची नोकरी घरून करत होती. तुझा फोन आला, "पाटील, पटकन ये. माझा प्रोग्रॅम बघ." मी सिडकोतून रिक्षा करून आलो. तिच्या खुर्चीमागे, कॅमेऱ्यात येणार नाही असे आपण दोघं म्हातारे चोरासारखे बसलो. तिच्या पडद्यावर रंगीत चिठ्ठ्या एकेक करून उगवत होत्या. कोणी बंगळुरूहून, कोणी परदेशातून लिहीत होतं आणि नाव एकाचंही नव्हतं. काय जमलं, काय फसलं, पुढं काय. तेच तीन भाग. तू माझ्या मांडीला चिमटा काढलास. किती वर्षांनी तुझे डोळे तसे बघितले मी.

मग बैठक संपली आणि प्रज्ञाने एक बटण दाबलं. पडदा कोरा झाला.

"राहिलेलं कुठं गेलं गं?" तू विचारलंस.

"गेलं बाबा. ज्याला वाटेल तो पुढच्या वेळी परत टाकेल."

बाहेर ओट्यावर आलो तेव्हा म्हणालास, "ज्याला वाटंल तो. म्हंजे परत त्यानंच सांगायचं."

दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा मी पुन्हा तोच विषय काढला. आजारी माणसाशी काय बोलावं हे मला समजत नाही. म्हटलं, आता तरी सांग, ती चिठ्ठी तुझीच ना? तू डोळे मिटून हसलास. "तुला बी तसंच वाटतं, पाटील?" मी विचारलं, मग कोणाची? लतीफभाईंची? पंचिंगवरच्या कोणाची? "त्यावर नाव होतं का?" तू म्हणालास. तेवढ्यात नर्सने मला बाहेर काढलं. मला अजूनही वाटतं की नाव हवं होतं. नाव असतं तर तू एकटा पडला नसतास. तू यावर काय म्हणाला असतास तेही मला ठाऊक आहे, पण ते तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.

काल आपली सगळी जुनी माणसं तुझ्या घरी जमली. पुढच्या खोलीत तुझा फोटो. सुनंदावहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. प्रज्ञाने ट्रेमधून पाणी आणलं. लतीफभाई आता कोणाच्या आधाराशिवाय चालू शकत नाहीत, त्यांनी दोन्ही हातांनी पेला धरून सगळं पाणी संपवलं. मी प्यालो. दिगंबर म्हणाला, "राहू दे पोरी, आत्ताच घरून पिऊन निघालो." आणखी दोघं तसंच म्हणाले. उन्हं केवढी होती बाहेर. दिगंबरच्या पिशवीतून पाण्याच्या बाटलीचं टोपण वर आलेलं मला दिसत होतं. प्रज्ञाने पेला त्याच्या पुढ्यात खाली ठेवला आणि ट्रे घेऊन आत गेली. वहिनी त्या पेल्याकडे एकदा बघून खिडकीकडे बघायला लागल्या.

मग दिगंबरच बोलायला उभा राहिला. चांगलं बोलला रे, मनापासून बोलला. "मधुकररावांनी एक विषय लावून धरला होता," तो म्हणाला. "तेव्हा आम्हाला राग यायचा. पण माणूस खरा होता. आता काळ बदलला, आता तसलं काय बी राहिलं नाय. आज ते असते तर म्हणाले असते, झालं का? हात वर करा." आणि त्याने डोळे पुसत स्वतःचा हात वर केला. त्याच्या पायाशी तो भरलेला पेला होता. एकेक करत बाकीच्यांनीही हात वर केले. काही जण रडत होते.

माझा हात मांडीवरच राहिला, मधू. मला उठून बोलायचं होतं, त्या पेल्याकडे बोट दाखवायचं होतं. पण मी जागचा उठलो नाही. सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. तू दर मंगळवारी कसा बसायचास ते मला त्या घडीला समजलं, आणि ते सांगायला समोर तुझा फोटो होता फक्त.

त्यांना वाटलं मला हुंदका आवरत नाही. दिगंबर जवळ आला, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सावरा, विलासराव." मग सगळ्यांनी आपापले हात खाली घेतले आणि चपला शोधायला लागले.